जामीन राहणे

मराठीत कर्ज काढतात, उसने घेतात, उधारी ठेवतात, व्याज भरतात आणि ऋण फेडतात. जामीन मात्र ‘राहतात’. विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, भाषाशास्त्राच्या अभ्यासात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारखीला हे क्रियापद फार दिवसांपासून विचारात पाडत आले आहे. आधीची सारी क्रियापदे कृती सांगतात. ती सुरू होते आणि संपते. ‘राहणे’ ही अवस्था आहे. एखाद्या घरात राहावे, गावात राहावे, तसा जामीनदार दुसऱ्याच्या कर्जात राहतो. सही करायला अर्धे मिनिट लागते. राहणे मात्र वर्षानुवर्षे चालते. मी स्वतः २०१८ पासून २०२४ पर्यंत अशी एका विद्यार्थ्याच्या कर्जात राहिले. त्या वास्तव्यात मला जे दिसले, ते आपल्यापुढे ठेवावे, असे वाटते. आपल्यापैकी अनेकजण नोकरी, संसार, शेती सांभाळून शिकत आहेत. अशा वयात ‘जरा जामीन राहाल का?’ हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतोच. कधी आपल्यालाच तो दुसऱ्याला विचारावा लागतो.

आधी शब्दाची ओळख करून घेऊ. ‘जामीन’ हा अरबीतून आलेला शब्द. मुळात त्याचा अर्थच दुसऱ्याची जबाबदारी स्वतःवर घेणारा माणूस असा आहे. मराठीत तो माणसाप्रमाणेच त्याने दिलेल्या हमीलाही लागू झाला; म्हणून न्यायालयात आरोपीला ‘जामीन मिळतो’ आणि माणूस दाखवायचा झाला की आपण ‘दार’ जोडून ‘जामीनदार’ म्हणतो. याच्या शेजारचा शब्द ‘साक्षीदार’. साक्षीदाराने काही डोळ्यांनी पाहिलेले असते आणि पाहिलेले खरे सांगितले की त्याचे काम संपते. जामीनदार जे अजून घडलेलेच नाही त्याबद्दल बोलतो. ‘हा माणूस पुढची पाच वर्षे हप्ते भरील’ हे त्याच्या वाक्याचे पूर्वार्ध. ‘त्याने न भरल्यास मी भरीन’ हे उत्तरार्ध. पूर्वार्ध मोठ्याने बोलले जाते. उत्तरार्ध कागदावर बारीक अक्षरांत असते.

जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाचे ‘हाऊ टू डू थिंग्ज विथ वर्ड्‌स’ हे पुस्तक १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. काही वाक्ये माहिती देत नाहीत. त्यांचा उच्चार हीच एक कृती असते, हा त्यातील विचार आपण भाषाविज्ञानात अभ्यासतो. ‘मी वचन देते’ असे म्हणताना मी वचनाचे वर्णन करीत नाही, वचन देऊनच मोकळी होते. ‘मी जामीन राहते’ हे वाक्य याच जातीचे आहे. वर्गात मी हे उदाहरण अनेकदा दिले होते. ते वाक्य खरोखर उच्चारण्याची वेळ आली, तेव्हा उदाहरण आणि आयुष्य यांतले अंतर लक्षात आले.

तो विद्यार्थी सोलापूरच्या पूर्व भागातला. घरात तेलुगू, गल्लीत सोलापुरी मराठी आणि रविवारच्या संपर्कसत्रात प्रमाण मराठी, अशा तीन भाषांत त्याचा आठवडा जाई. वडील यंत्रमागावर कामाला, आई घरी विड्या वळणारी. तो स्वतः दुसऱ्याच्या मालकीची मोटार चालवीत असे. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, गाणगापूर ही यात्रेकरूंची वाट त्याच्या पायाखालची, म्हणजे खरे तर चाकाखालची होती. रविवारी भाडे असले की तो तास बुडवी आणि पुढच्या रविवारी येऊन टिपणे मागून नेई. मालकाला दिवसाचे ठरलेले पैसे दिल्यावर त्याच्या हाती फारसे उरत नसे. तरीही त्याने काही वर्षांत दीड लाख रुपये साठवले आणि साडेसात लाखांची स्वतःची गाडी घ्यायचे ठरवले. उरलेले सहा लाख कर्जाने उभे करायचे होते.

बँकेने त्याचा अर्ज नाकारला नाही, पण स्वीकारलाही नाही. कारण मोठे चमत्कारिक होते. त्याने आजवर कोणाचे बुडवले नव्हते, कारण त्याने आजवर कोणाकडून अधिकृतपणे काही घेतलेच नव्हते. कर्जाचा पूर्वेतिहास नाही, म्हणून विश्वास ठेवायला आधार नाही. आणि विश्वास नाही, म्हणून इतिहास सुरू व्हायला कर्ज नाही. आपल्याकडे यालाच आता ‘सिबिल नाही’ असे म्हणतात. वास्तविक सिबिल हे २००० साली स्थापन झालेल्या एका कंपनीचे नाव. कर्जदारांच्या परतफेडीची नोंद ठेवणाऱ्या अशा संस्थांसाठी २००५ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि आज या क्षेत्रात एकापेक्षा अधिक कंपन्या आहेत. परंतु छायाप्रतीला जसे आपण एका कंपनीच्या नावावरून ‘झेरॉक्स’ म्हणू लागलो, तसेच ३०० ते ९०० यांमधल्या त्या गुणांकाला ‘सिबिल’ हे नाव पडले. विशेषनामाचे सामान्यनाम कसे होते, याचे याहून ताजे उदाहरण शोधावे लागणार नाही.

या आकड्याला आपला जुना शब्द आहे ‘पत’. आणि ज्या ‘क्रेडिट’ शब्दाचा आपण ‘पत’ असा अनुवाद करतो, त्याचे मूळ लॅटिनमधल्या ‘विश्वास ठेवणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. भाषांच्या कुळाचा अभ्यास करणाऱ्यांना ठाऊक आहे की, ते लॅटिन क्रियापद आणि संस्कृतातील ‘श्रद्धा’ हा शब्द एकाच प्राचीन मुळापासून फुटलेले आहेत. बँकेच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाकडे जे नाही म्हणून त्याला परत पाठवले जाते, ते नात्याने ‘श्रद्धे’चे भावंड आहे. माझा विद्यार्थी नेमके तेच मागायला माझ्याकडे आला होता. त्याला माझे पैसे नको होते. त्याच्या नावावर नसलेला विश्वास त्याला माझ्या नावावरून हवा होता. विचारून झाल्यावर तो घाईने म्हणाला, “नाही म्हणलात तरी चालतंय मॅडम. तासाला मी येणारच.”

मी त्या दिवशी ‘हो’ म्हटले नाही, ‘नाही’ही म्हटले नाही. पंधरा दिवसांची मुदत मागितली आणि तो पंधरवडा करारनामा वाचण्यात घालवला. आपणही असा वेळ मागून घ्यावा, यात समोरच्याचा अपमान नाही. बँकेने दोन पर्याय सांगितले होते: सहकर्जदार व्हा किंवा जामीनदार राहा. सहकर्जदाराचे कर्ज पहिल्या दिवसापासून त्याचे स्वतःचे असते. जामीनदाराचे कर्ज दुसऱ्याचे असते, पण ते थकले की त्याच्या दारी येते. ‘भारतीय करार अधिनियम, १८७२’ यातील कलम १२६ मध्ये हमीच्या कराराची व्याख्या आहे, तर कलम १२८ सांगते की, करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. ‘इतकीच’ हा शब्द मी दोनदा वाचला. अनेकांची समजूत अशी असते की, धनको आधी ऋणकोकडून सर्व मार्गांनी वसुली करून पाहील आणि अगदी शेवटी आपल्याकडे वळेल. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका बँकेच्या प्रकरणात हा समज दूर केला: ऋणकोविरुद्धचे उपाय संपेपर्यंत धनकोने थांबावे, असे जामीनदार म्हणू शकत नाही. याची दुसरी बाजूही आहे. जामीनदाराने कर्ज फेडलेच, तर कलम १४० नुसार धनकोचे ऋणकोविरुद्धचे हक्क त्याच्याकडे येतात. पण हक्क येणे आणि पैसे येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

हे मला कायद्याच्या पुस्तकाआधी माझ्या आईवडिलांच्या घराने शिकवले होते. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते आणि नोकरदारांच्या एका पतसंस्थेचे सभासद होते. अशा संस्थांत सभासदच एकमेकांना जामीन राहतात. आज मी तुला, उद्या तू मला, अशी ती रीत. वडील एका सहकाऱ्याला जामीन राहिले. काही महिन्यांनी तो सहकारी नोकरी सोडून परगावी गेला आणि हप्ते थांबले. सहकारी संस्थांच्या १९६० च्या कायद्यात सभासदाने तसे लिहून दिले असल्यास पगारातून परस्पर कपात करण्याची तरतूद आहे. त्याप्रमाणे पुढची चार वर्षे वडिलांच्या पगारातून दरमहा कपात होत राहिली. वडिलांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. ‘शब्द दिला होता’ एवढेच ते म्हणत. आमच्या घरी ते वाक्य अभिमानाने सांगितले जाई आणि मीही ते तसेच ऐकत मोठी झाले.

करारनामा वाचून झाल्यावर मी तो आईला दाखवला. तेव्हा तिचे वय ऐंशीच्या घरात होते. तिने कागद हातात घेतला नाही. ती म्हणाली, “वडिलांनी सही केली आणि शब्द पाळला, हे तू सगळ्यांना सांगतेस. सही त्यांनी केली गं, हप्ते मी भरले.” मग तिने एकेक गोष्ट मोजून दाखवली. दूध एक लिटरवरून अर्ध्या लिटरवर आले ते त्या वर्षी. दिवाळीला नवे कपडे फक्त मुलांना झाले ते दोनदा. तिच्या पाटल्या मोडल्या ते माझ्या महाविद्यालयाच्या शुल्कासाठी, कारण शुल्काचे पैसे कपातीत गेले होते. चार वर्षांत तिला कोणी एकदाही विचारले नव्हते, सहीच्या आधीही नाही आणि नंतरही नाही. तिचा सूर तक्रारीचा नव्हता. पण ती मला माझे घरातले एक आवडते वाक्य नव्याने वाचायला लावत होती. वाक्याचा कर्ता एक असतो आणि त्याची क्रिया दुसऱ्यालाच पार पाडावी लागते, असे व्याकरणात घडत नाही; संसारात घडते.

‘सही’ हा शब्दही अरबीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘बरोबर, अचूक’ असा आहे. खाली नाव लिहिले म्हणजे वरचा मजकूर बरोबर असल्याचे मान्य केले. मजकूर न वाचता केलेली सही ही त्या अर्थाने सहीच नव्हे. आपल्या सोलापूर जिल्ह्याला हा धडा फार महाग मिळालेला आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे हिसकावून जाळले आणि तो उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. ज्या कागदांवर आपण नांगराची निशाणी उठवली, त्यांत काय लिहिले आहे हे त्यांतल्या कित्येकांना वाचता येत नव्हते. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्यासाठी कायदा केला. तो ज्या चार जिल्ह्यांना प्रथम लागू झाला, त्यांत पुणे, अहमदनगर व सातारा यांच्याबरोबर सोलापूरही होते. या कायद्याने न्यायालयाला रोख्यावरच्या आकड्यामागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची मुभा दिली, शेतकऱ्यांचे दस्तऐवज गावपातळीवरच्या निबंधकासमोर लिहिले जावेत अशी व्यवस्था केली आणि दिलेल्या पैशांची पावती मिळण्याचा हक्कही दिला. त्या शेतकऱ्यांना अक्षरे येत नव्हती. आज आपल्याला अक्षरे येतात, तरी ‘इथे, इथे आणि इथे’ असे म्हणत कोणी बोट ठेवील तिथे आपण नाव लिहीत जातो.

मी माझ्यापुरते तीन प्रश्न लिहून काढले. ते आपल्यालाही उपयोगी पडतील. पहिला: हे सारे कर्ज मलाच फेडावे लागले, तर मी ते घर न मोडता फेडू शकेन का? सहा लाखांचे कर्ज, दरसाल १० टक्के व्याज आणि ६० हप्ते, असा हिशेब केला तर महिन्याचा हप्ता १२,७४८ रुपये येतो आणि एकूण सुमारे ७ लाख ६५ हजार भरावे लागतात. माझ्या पगारात तो हप्ता बसत होता. त्रास झाला असता, पण अर्ध्या लिटर दुधावर यावे लागले नसते. दुसरा प्रश्न: माझ्या घरातल्यांना हे ठाऊक आहे का आणि मान्य आहे का? मी यजमानांना आणि मुलीला करारनामा मोठ्याने वाचून दाखवला. आईला पुन्हा विचारले. ती म्हणाली, “आता विचारलंस ना? मग कर.” तिसरा प्रश्न सर्वांत अवघड: या सहीमुळे हा माणूस माझ्यावर अवलंबून राहील की स्वतःच्या पायावर उभा राहील? गाडीच्या उत्पन्नातूनच हप्ता निघणार असेल, तर कर्ज त्याला उभे करील. हौसेखातर घेतलेली गाडी असती, तर ऋण काढून सण केल्यासारखे झाले असते आणि मी नकार दिला असता.

मी त्याला तिन्ही प्रश्न दाखवले. मग दोन अटी घातल्या. हप्ता कापला गेल्याचा संदेश त्याने दरमहा मला पाठवायचा. आणि कधी हप्ता चुकणार असे वाटले, तर तारखेच्या आधी सांगायचे, नंतर नव्हे. त्याने विचारले, “आणि तुमची अडचण काय असली तर?” हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. जामीनदाराचीही अडचण असू शकते, हे ज्याला सुचते त्याला जामीन राहायला हरकत नाही, असे मला त्या क्षणी वाटले. जून २०१८ मध्ये मी सही केली. पिवळ्या पाटीची गाडी आली. तिच्या नोंदणीपत्रावर मालक म्हणून त्याचे नाव आणि तारण म्हणून बँकेचे नाव लागले. माझे नाव त्यावर कुठेही नव्हते आणि तसे ते नसतेच. जामीनदाराला गाडीवर हक्क नसतो. जबाबदारी मात्र असते.

वीस महिने संदेश वेळेवर येत राहिले. त्यानंतर मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. यात्रेकरूंवर चालणारी गाडी आणि राज्यातली सारी मंदिरे बंद, यापुढे वेगळे सांगायची गरज नाही. रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलण्याची सवलत आधी मेअखेरपर्यंत आणि मग ३१ ऑगस्टपर्यंत दिली. अनेकांना ही माफी वाटली, पण ती केवळ मुदत होती. व्याज चालूच होते. फेब्रुवारीअखेर त्याचे सुमारे ४ लाख ३२ हजार रुपये देणे होते. सहा महिन्यांत काही न भरता ते सुमारे २२ हजारांनी वाढले आणि हप्त्यांची संख्या तीनने लांबली. संस्कृत अलंकारशास्त्रात आपण ‘व्याजस्तुती’ आणि ‘व्याजोक्ती’ हे अलंकार शिकतो. तिथे ‘व्याज’ म्हणजे बहाणा, मिष. मराठीत त्याच शब्दाला पैशाच्या भाड्याचा अर्थ आला. गाडी दारात उभी राहिली की काहीच घडत नाही असे दिसते. ते दिसणेच ‘व्याज’ असते; आत आकडा चालत असतो.

सप्टेंबरमध्ये हप्ता पुन्हा सुरू झाला आणि मंदिरे बंदच होती. तारखेच्या आठ दिवस आधी तो घरी आला. दाराबाहेरच उभा राहून त्याने मुखपट्टी सारखी केली आणि चार हजार रुपये पाकिटात घालून पायरीवर ठेवले. तो त्या महिन्यात भाजीपाला वाहून नेत होता, कधी रुग्णांना रुग्णालयात सोडत होता. “एवढेच झाले,” तो म्हणाला. उरलेले ८,७४८ रुपये मी भरले. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर याच रीतीने गेले. तीन महिन्यांचे माझे २६,२४४ रुपये झाले. प्रत्येक वेळी त्याने ते एका वहीत लिहिले, तारीख घातली आणि खाली माझी सही मागितली. माझ्या घरात कोणी दूध कमी केले नाही. तरीही पाकिटावरचा त्याचा हात आणि माझा हात, दोन्ही थोडे अवघडलेले होते, हे मी लपवणार नाही. मदत करणाऱ्याला मोठेपणा वाटू लागतो आणि घेणाऱ्याला लाज. त्या वहीने आम्हां दोघांना यातून वाचवले.

मला अशा वेळी आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आठवते. दुष्काळात त्यांनी बादशाही कोठारातले धान्य लोकांना वाटले. त्याचा जाब द्यायची वेळ आली, तेव्हा पंढरीचा विठ्ठल विठू महाराच्या रूपाने बिदरला गेला आणि त्याने सारी रक्कम दरबारात भरली, असे परंपरा सांगते. ही भक्ताच्या संकटाची कथा म्हणून आपण ऐकतो. मला तिच्यातला एक बारीक तपशील महत्त्वाचा वाटतो. देवाने पैसे भरले आणि पावती घेतली. ती पावती दामाजीपंतांना मागाहून पोथीत मिळाली. दुसऱ्यासाठी पैसे भरणाऱ्या देवालाही कथाकारांनी पावतीशिवाय परत पाठवले नाही. विश्वास आहे म्हणून कागद नको, असे आपण म्हणतो. त्या कथेचे म्हणणे उलटे आहे: विश्वास आहे म्हणूनच कागद स्वच्छ हवा.

१६ नोव्हेंबर २०२० ला, पाडव्याच्या दिवशी, मंदिरे उघडली. डिसेंबरपासून त्याने पूर्ण हप्ता स्वतः भरला. पुढच्या एप्रिलमध्ये मंदिरे पुन्हा बंद झाली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये घटस्थापनेला उघडली. तोवर त्याने गाडी एका डॉक्टरांकडे मासिक भाड्याने लावली होती. दोन वर्षांच्या खंडानंतर २०२२ च्या आषाढीला पायी वारी पूर्ण थाटात निघाली, तेव्हा त्याच्या वहीतला माझा आकडा शून्य झाला. मार्च २०२४ मध्ये शेवटचा हप्ता गेला. बँकेचे नाहरकत पत्र आणि नमुना ३५ घेऊन तो परिवहन कार्यालयात गेला आणि नोंदणीपत्रावरचे बँकेचे नाव काढून आला. मीही बँकेकडून माझी हमी संपल्याचे लेखी पत्र घेतले. आपण जामीन राहिलेले कर्ज आपल्या पतअहवालातही दिसते. म्हणून ते बंद झाल्याची नोंद तिथे आली की नाही, हे पाहिले पाहिजे. २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो अवश्य मागवा.

त्याच काळात मी दोघांना नकार दिला, हेही सांगायला हवे. नकार देण्याच्या बाबतीत आपली भाषा फार सौम्य आहे. ‘बघू’, ‘विचार करून सांगते’, ‘घरात बोलते’ ही सारी नकाराची रूपे आहेत, पण मागणाऱ्याला ती होकाराची पायरी वाटतात. तो आशेवर राहतो आणि दुसरी वाट शोधत नाही. म्हणून ‘मला हे जमणार नाही’ असे स्पष्ट वाक्य त्याच आठवड्यात बोलावे आणि शक्य असेल ते पुढे करावे. एकाला मी परत न मिळाली तरी चालेल एवढी लहान रक्कम दिली. दुसरीला बचत गटाची वाट दाखवली. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गटांना बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला. त्यात तारण ठेवायला काही नसलेल्या बायका एकमेकींच्या शब्दावर कर्ज घेतात आणि फेडतात. तिथे जामीन एकटीने राहावे लागत नाही. लहान कर्ज वेळेवर फेडून पत बांधण्याची ती जुनी, सावकाश आणि खात्रीची रीत आहे.

माझा विद्यार्थी बी.ए. झाला. गेल्या वर्षी त्याने दुसरी गाडी घेतली आणि या वेळी बँकेने जामीनदार मागितला नाही. मला ही बातमी त्याच्या पदवीइतकीच मोलाची वाटली, कारण माझी सही ज्यासाठी होती ते काम पुरे झाले होते. अलीकडे त्याच्याकडे चालक म्हणून काम करणाऱ्या एका तरुणाने त्यालाच जामीन राहण्याविषयी विचारले आहे. त्याने मला दूरध्वनी केला. काय करू, असे त्याने विचारले नाही. तीन प्रश्न कोणते होते ते पुन्हा सांगा, म्हणाला. मी सांगितले. त्याने ते लिहून घेतले आणि म्हणाला, “दुसरा प्रश्न आधी विचारतो. आई आत्ता घरीच आहे.”